विश्लेषण : टीएसएच वाढला म्हणजे ‘थायरॉइड’ झाला का? रक्ततपासणीचा अहवाल नेमका कसा वाचायचा?

‘मला थायरॉइड आहे’ हे वाक्य आता भंडारा शहरातच नव्हे, तर लाखांदूर, पवनी, मोहाडीच्या गावांतही सहज ऐकू येते. खरे तर थायरॉइड प्रत्येकालाच असतो. गळ्याच्या पुढच्या भागात असलेली ती फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे. लोकांना म्हणायचे असते ते तिच्या बिघाडाविषयी. पण हा बिघाड आहे की नाही, हे अनेकदा कागदावरच्या एका ठळक छापलेल्या आकड्यावरून ठरवले जाते. थकवा आला, केस गळू लागले, वजन वाढले की नमुना दिला जातो, संध्याकाळी मोबाइलवर अहवाल येतो आणि डॉक्टरांना भेटण्याआधीच निदान झालेले असते.

यात दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. गरज नसताना वर्षानुवर्षे गोळी सुरू राहते किंवा आकडा ‘नॉर्मल’ दिसतो म्हणून खरा आजार मागे राहतो. गरोदर महिला आणि नवजात बाळ यांच्या बाबतीत तर दोन-तीन आठवड्यांचा उशीरही महागात पडतो. म्हणूनच हा अहवाल समजून घेणे महत्त्वाचे आहे.

तपासणीत नेमके काय मोजतात?

थायरॉइड ग्रंथी प्रामुख्याने टी४ आणि थोड्या प्रमाणात टी३ ही संप्रेरके तयार करते. शरीरातील बहुतेक टी३ पुढे टी४ पासूनच बनते. हृदयाचे ठोके, शरीराचे तापमान, पचन, मासिक पाळी, मुलांच्या मेंदूची वाढ अशा अनेक गोष्टी या संप्रेरकांवर चालतात. टीएसएच मात्र थायरॉइडमध्ये तयार होत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येते. थायरॉइडला ‘काम वाढव’ किंवा ‘कमी कर’ असे सांगणारा तो निरोप आहे.

छतावरच्या टाकीला ऑटोमॅटिक मोटर बसवलेली असते, तसेच हे आहे. टाकीतील पाणी उतरले की मोटर सुरू होते, टाकी भरली की बंद पडते. टी४ म्हणजे टाकीतील पाणी आणि टीएसएच म्हणजे मोटरला जाणारा संदेश. रक्तातील टी४ कमी झाले की टीएसएच वाढतो, टी४ जास्त झाले की टीएसएच घटतो. म्हणूनच टीएसएच जास्त असणे हे बहुतेक वेळा थायरॉइड मंदावल्याचे लक्षण असते. अनेकांचा गोंधळ इथेच होतो. आकडा वाढला म्हणजे थायरॉइडचे काम वाढले, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात ते उलट असते.

हा संदेश अतिशय संवेदनशील असतो. टी४ निम्म्यावर आले, तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, तो अगदी शंभर पटींपर्यंत जाऊ शकतो. टी४ अजून नॉर्मल पट्ट्यात असतानाच टीएसएच हलायला लागतो, तो यामुळे. डॉक्टर पहिली चाचणी म्हणून टीएसएच सांगतात, त्याचे कारणही हेच.

‘फ्री टी४’ आणि साधा टी४ यात फरक काय?

रक्तातील जवळपास सगळे टी४ प्रथिनांना चिकटलेले असते. मोकळे राहिलेले अत्यल्प टी४ च प्रत्यक्ष काम करते. त्यालाच ‘फ्री टी४’ म्हणतात. ‘थायरॉइड प्रोफाइल’ या नावाने मिळणाऱ्या अनेक स्वस्त चाचण्यांत एकूण टी३ आणि एकूण टी४ मोजलेले असते. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू असताना टी४ वाहून नेणारे प्रथिन वाढते. त्यामुळे ग्रंथीचे काम व्यवस्थित असूनही एकूण टी४ जास्त दिसते. सोबत टीएसएच ठीक असेल, तर केवळ त्या आकड्याने घाबरण्याचे कारण नसते.

एककांमुळेही गोंधळ होतो. टीएसएचसाठी एका अहवालात ‘मायक्रो आययू प्रति मिलिलिटर’ आणि दुसऱ्यात ‘मिली आययू प्रति लिटर’ असे लिहिलेले असते. दोन्हींचा आकडा एकच असतो. फ्री टी४ चे तसे नाही. नॅनोग्रॅममधील आकडा आणि पिकोमोलमधील आकडा यांत सुमारे १३ पटींचा फरक असतो. जुना आणि नवा अहवाल शेजारी ठेवताना आधी एकक पाहावे.

०.४ ते ४ हा पट्टा आला कुठून?

प्रौढांसाठी टीएसएचचा संदर्भ पट्टा साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ असा छापलेला असतो. निरोगी लोकांच्या मोठ्या गटाचे टीएसएच मोजून मधल्या ९५ टक्क्यांचा हा पट्टा काढला जातो. याचा सरळ अर्थ असा की, दर शंभर निरोगी माणसांत पाच जण या पट्ट्याबाहेर असणारच. त्यांच्या अहवालावर ठळक खूण येते, पण त्यांना आजार नसतो.

वयानुसारही पट्टा सरकतो. सत्तरी-ऐंशीतील व्यक्तीचा टीएसएच थोडा जास्त असणे स्वाभाविक मानले जाते. पंचविशीतील तरुणीला लावलेली मोजपट्टी आजीला जशीच्या तशी लावता येत नाही. शिवाय टीएसएच दिवसभर एकसारखा राहत नाही. मध्यरात्रीनंतर तो सर्वाधिक, तर दुपारी कमी असतो. सकाळी सातला भंडाऱ्यात दिलेला नमुना आणि दुपारी तीनला नागपुरात दिलेला नमुना यांत आजार न बदलताही फरक पडू शकतो. प्रयोगशाळांची यंत्रे आणि रसायने वेगळी असतात, तो फरक निराळाच. त्यामुळे शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, साधारण एकाच वेळी तपासणी करावी.

टीएसएच थोडा वाढलेला, टी४ नॉर्मल. गोळी घ्यायची का?

सर्वाधिक वाद याच गटाबाबत आहे. समजा, साकोलीतील ३२ वर्षांच्या, गरोदर नसलेल्या एका महिलेचा टीएसएच ६.२ आला आणि फ्री टी४ नॉर्मल आहे. याला ‘सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम’ म्हणजे लक्षणांच्या उंबरठ्याखालची थायरॉइडची मंदी म्हणतात. अशा वेळी बहुतेकदा पहिले पाऊल गोळी नसते, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी हे असते. मधल्या काळात अनेकांचा आकडा आपोआप पट्ट्यात येतो.

दुसऱ्यांदाही तो वाढलेला आला तर अँटी टीपीओ ही चाचणी उपयोगी पडते. शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करत आहे का, हे त्यातून कळते. इंग्लंडमधील व्हिकहॅम येथील २० वर्षांच्या पाठपुराव्यात, टीएसएच वाढलेला आणि अँटिबॉडीही असलेल्या महिलांपैकी वर्षाला सुमारे ४ टक्के महिलांना पूर्ण स्वरूपाचा आजार झाल्याचे दिसले. म्हणजे धोका खरा आहे, पण तो उद्याच दारात उभा राहणारा नाही.

टीएसएच १० च्या वर टिकून असेल तर साधारणपणे उपचार सुचवले जातात. ४.५ ते १० या पट्ट्यात वय, लक्षणे, अँटिबॉडी, गलगंड, कोलेस्टेरॉल आणि गर्भधारणेचा विचार पाहून निर्णय होतो. ज्येष्ठांबाबत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘ट्रस्ट’ हा युरोपीय अभ्यास महत्त्वाचा आहे. ६५ वर्षांवरील ७३७ जणांत सौम्य वाढलेल्या टीएसएचसाठी गोळी दिल्याने लक्षणे किंवा थकवा यात फरक पडला नाही.

थकव्याचे कारण दुसरेही असू शकते. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आढळतात आणि महिलांमधील रक्तक्षय सर्वत्र आहे. हिमोग्लोबिन न पाहता ६ च्या टीएसएचवर सगळा दोष टाकला, तर गोळी सुरू होते आणि थकवा तसाच राहतो.

गरोदरपणात आकडे का बदलतात?

गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यात काम सुरू करते आणि पुरेसे संप्रेरक तयार व्हायला गर्भावस्थेचा मध्य उजाडतो. तोवर बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या टी४ वर अवलंबून असते. त्याच वेळी गर्भधारणेत वाढणारे एचसीजी हे संप्रेरक आईच्या थायरॉइडला चालना देते. म्हणून पहिल्या तिमाहीत टीएसएच खाली येतो. ०.२ असा आकडा एरवी शंका निर्माण करेल, पण दहाव्या आठवड्यात तो नैसर्गिकही असू शकतो.

वरची मर्यादा किती, यावर मात्र एकमत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या तिमाहीत २.५ आणि त्यानंतर ३ ही मर्यादा धरली आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१७ मध्ये मात्र स्थानिक पट्टा उपलब्ध नसेल तर पहिल्या तिमाहीत सुमारे ४ ही मर्यादा सुचवली. त्यामुळे ३.२ टीएसएच असलेल्या गर्भवतीला एक डॉक्टर गोळी देतात आणि दुसरे अँटी टीपीओ पाहून थांबतात, असे घडू शकते. यात कुणी एक चुकीचा असतोच असे नाही. टीएसएच १० च्या वर असेल तर मात्र कुणाचेही दुमत नाही. उपचार लगेच सुरू करायचे असतात.

आधीपासून गोळी घेणाऱ्या महिलेला गर्भधारणेत साधारण पाव ते एक तृतीयांश जास्त मात्रा लागते. त्यामुळे पाळी चुकून चाचणी सकारात्मक येताच डॉक्टरांना कळवावे. गर्भावस्थेच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासला जातो. ‘बाळाला त्रास होईल’ म्हणून गोळी बंद करणे ही सर्वात घातक समजूत आहे.

लाल गोळी, कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी एकत्र घेतली तर?

गावपातळीवर सहज घडणारी आणि सहज टाळता येणारी चूक हीच आहे. शासकीय कार्यक्रमात गर्भवतींना लोह आणि फॉलिक अॅसिडची रोज एक गोळी आणि कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या दिल्या जातात. लोह आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉक्सिनला आतड्यात अडवतात. सगळ्या गोळ्या सकाळी एकदम घेतल्या तर थायरॉक्सिन पोटात जाते, पण रक्तात पुरेसे पोहोचत नाही. टीएसएच वाढलेलाच राहतो आणि मात्रा वाढवत नेली जाते.

उपाय साधा आहे. थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यावे, चहा-नाश्ता किमान अर्ध्या ते एक तासाने करावा आणि लोह-कॅल्शियमसाठी चार तासांचे अंतर ठेवावे. लोह आणि कॅल्शियमही एकमेकांसोबत घ्यायचे नसतात. आशाताईंनी गोळ्यांची वेळ विचारली, तर नवीन तपासणीआधीच अर्धा प्रश्न सुटू शकतो. गोळ्यांची बाटली उन्हापासून व ओलाव्यापासून दूर ठेवावी. विदर्भातील उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात खिडकीशी ठेवलेली बाटली औषधाचा जोर कमी करू शकते.

टीएसएच कमी आला तर?

टीएसएच ०.१ च्या खाली आणि टी४ किंवा टी३ वाढलेले असेल, तर थायरॉइडचे काम प्रमाणाबाहेर वाढल्याची शक्यता असते. धडधड, हात थरथरणे, घाम, वजन घटणे ही लक्षणे दिसतात. पण इथेही लगेच औषध सुरू करण्याआधी कारण शोधावे लागते. ग्रेव्हज आजारात ग्रंथी सतत जास्त संप्रेरक बनवते, तर थायरॉइडला सूज आल्यास साठवलेले संप्रेरक बाहेर सांडते आणि काही आठवड्यांत आकडे उलट दिशेला जातात. प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात अशी सूज येऊ शकते. या दुसऱ्या प्रकारात संप्रेरकाची निर्मिती रोखणाऱ्या गोळ्या उपयोगाच्या नसतात. ज्यांना कार्बिमॅझोल सुरू आहे, त्यांना ताप किंवा घसा दुखणे सुरू झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन पांढऱ्या पेशी तपासाव्यात.

गोळीची मात्रा जास्त झाली तरीही टीएसएच दबतो. वजन कमी करण्यासाठी स्वतःहून मात्रा वाढवणाऱ्यांना ज्येष्ठ वयात हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो.

टीएसएच नॉर्मल असूनही आजार असू शकतो का?

होय. क्वचित घडते, पण चुकले तर जिवावर बेतते. प्रसूतीच्या वेळी प्रचंड रक्तस्राव झाला तर पिट्युटरी ग्रंथीला इजा होऊ शकते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. अशा महिलेला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, वर्षानुवर्षे थकवा राहतो. थायरॉइड मंदावलेला असतो, पण संदेश पाठवणारी ग्रंथीच जखमी असल्याने टीएसएच वाढत नाही. तो नॉर्मल किंवा कमीच दिसतो. मोटर सुरू करणारा फ्लोटच बिघडला, तर टाकी रिकामी असूनही मोटर शांत राहते, तसेच हे. इथे फ्री टी४ मोजल्याशिवाय निदान होत नाही.

अशा रुग्णांत कॉर्टिसॉलही कमी असू शकते. ते न तपासता आधी थायरॉक्सिन दिले तर प्रकृती अचानक ढासळू शकते. म्हणून ‘प्रसूतीत खूप रक्त गेले होते’ ही जुनी गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी, मग ती पंधरा वर्षांपूर्वीची का असेना.

अहवालाची दिशाभूल करणाऱ्या गोष्टी कोणत्या?

पहिली गोष्ट बायोटिन. केस आणि नखांसाठी मेडिकल दुकानात सहज मिळणाऱ्या गोळ्यांत ते मोठ्या मात्रेत असते. अनेक यंत्रांतील चाचणीची पद्धतच बायोटिनवर आधारलेली असल्याने टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसू शकतो. निरोगी व्यक्तीचा अहवाल हुबेहूब ग्रेव्हज आजारासारखा येतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला होता. तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे.

दुसरी गोष्ट दुसरा मोठा आजार. न्यूमोनिया, तीव्र डेंग्यू किंवा शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात दाखल असताना टी३ घटते, टीएसएचही वरखाली होतो. ठोस शंका नसेल तर बरे झाल्यावर साधारण सहा आठवड्यांनी तपासणे योग्य. तिसरी गोष्ट इतर औषधे. लिथियम, अमिओडॅरोन, स्टिरॉइड यांचा थायरॉइडवर किंवा अहवालावर परिणाम होतो.

चौथी गोष्ट गोळीची अनियमितता. महिनाभर गोळी चुकवायची आणि तपासणीआधी आठ दिवस नेमाने घ्यायची, असे केल्यास टी४ चांगले, पण टीएसएच मात्र वाढलेला येतो. टी४ लवकर सुधारते, टीएसएचला वेळ लागतो. म्हणूनच मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनंतरच पुन्हा तपासणी करतात. पंधरा दिवसांत केलेली तपासणी पैसे वाया घालवते.

बाळाची तपासणी का महत्त्वाची?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाच शहरांतील अभ्यासात सुमारे १,१३० नवजातांमागे एका बाळाला जन्मजात थायरॉइड कमतरता आढळली. अशी बहुतेक बाळे जन्मताना अगदी सामान्य दिसतात. लक्षणे दिसेपर्यंत मेंदूचे नुकसान सुरू झालेले असते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर बाळ इतरांसारखे वाढू शकते. जन्मानंतर पहिल्या काही तासांत टीएसएच नैसर्गिकरीत्या उसळतो. त्यामुळे टाचेतून रक्त शक्यतो ४८ तासांनंतर घेतात. लवकर सुटी मिळाली तर ‘तपासणी झाली का, अहवाल कुठे मिळेल’ हे पालकांनीच विचारावे.

मिठाचा आणि भंडाऱ्याचा संबंध काय?

टी४ तयार करायला आयोडीन लागते. भंडारा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तलावांच्या या जिल्ह्यात मासे भरपूर खाल्ले जातात, पण गोड्या पाण्यातील माशांत समुद्री माशांच्या तुलनेत आयोडीन कमी असते. भातातूनही ते फारसे मिळत नाही. त्यामुळे भरवशाचा स्रोत उरतो तो आयोडीनयुक्त मीठ. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात अशा मिठाने गलगंड कमी होतो हे सिद्ध झाले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि मे २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आहे. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असायला हवे. मीठ झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावे. पाकिटावर तसा उल्लेख नसेल, तर सैंधव मिठातून पुरेसे आयोडीन मिळते असे समजू नये.

मीठ सुधारूनही थायरॉइडचे आजार संपलेले नाहीत. आठ शहरांतील ५,३७६ प्रौढांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०.९५ टक्के जणांना हायपोथायरॉइडिझम आढळला. त्यात मुंबई आणि गोवा होते, विदर्भातील एकही शहर नव्हते.

अहवाल हाती आल्यावर काय करावे?

एकट्या आकड्यावर गोळी सुरू करू नये आणि सुरू असलेली गोळी ‘नॉर्मल आला’ म्हणून बंदही करू नये. गोळी घेत असल्यामुळेच तो नॉर्मल आलेला असतो. डॉक्टरांकडे जाताना जुने सर्व अहवाल, सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि गोळी घेण्याच्या वेळा सोबत न्याव्यात. गरोदर असल्यास किंवा शक्यता असल्यास ते आधी सांगावे. चार प्रश्न विचारावेत : हा आकडा माझ्या वयाला आणि अवस्थेला जास्त आहे का? पुन्हा तपासणी कधी? फ्री टी४ किंवा अँटी टीपीओची गरज आहे का? आणि गोळी सुरू केली तर ती कायमची की काही काळापुरती?

टीएसएच १० च्या वर असलेली गर्भवती, धडधड आणि वजन घटण्यासह दबलेला टीएसएच असलेली व्यक्ती, टीएसएच वाढलेले नवजात बाळ किंवा खूप सुस्ती, अंग गार पडणे आणि गुंगी अशी लक्षणे असलेला रुग्ण यांनी मात्र ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ म्हणून थांबू नये.

(हा लेख माहितीसाठी आहे. उपचाराचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)